भारमान

मार्च संपत आला की आमच्या आगारात
पंखासुद्धा हिशेबाने फिरतो.
टेबलावर विभागाचं पत्र, त्यावर चहाचा गोल डाग:
तिसाच्या खाली भारमान असलेल्या फेऱ्यांची यादी
एकतीस तारखेपर्यंत पाठवावी.
यादी करणार मी. नेहेते मॅडम, लेखा शाखा.
चोवीस वर्षं एसटीत,
प्रवास बहुतेक कागदावरच.

पहिलंच नाव मोहझिरा मुक्काम.
सव्वासहाला यावलहून निघते, पहाटे परतते,
शेवटचे नऊ किलोमीटर नुसती खडी.
किलोमीटरला खर्च साठाच्या घरात, हाती सतरा.
त्यातही बायकांचं अर्धं, म्हाताऱ्यांचं शून्य.
शून्य रुपयाचं तिकीट पाहिलंय कधी?
तेवढाच कागद, तेवढीच शाई,
आणि बाकीचे पैसे सरकारकडून येणे.

'येणे' हा आमच्या स्टँडवरचा सगळ्यात जुना प्रवासी.
बाकावर बसून असतो.
त्याची गाडी काही लागत नाही.

तोवर वर्कशॉपमध्ये एकीचा टायर दुसरीला,
दुसरीचा आरसा तिसरीला,
चौथी विटांवर उभी,
घड उतरवलेल्या केळीसारखी.

मी मोहझिऱ्यापुढे लाल टिक केली.
ती बातमी रमजान तडवी कंडक्टरने
दुधाच्या रिकाम्या कॅनांबरोबर वर नेली.

बावीस तारखेला भारमान एकावन्न.
दुसऱ्या दिवशी अडुसष्ट.
मग शंभर, शंभर, शंभर.
यात्रा म्हणावी तर ती होऊन महिना झालेला.
लग्न म्हणावं तर तिथ नव्हती.

तपासनीस इंगळे जीप घेऊन फाट्यावर आडवे झाले.
आत माणसं अकरा.
मशीनमध्ये तिकिटं चव्वेचाळीस.
बिनतिकीट माणूस इंगळे वासाने ओळखतात;
बिनमाणसाचं तिकीट त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.
कमी तिकिटांचा फॉर्म असतो,
जास्तीचा छापलेलाच नाही.
"आता दंड कोणाले करू भो?" म्हणाले, आणि उतरले.

रेलीबाई पावरा, चारोळी विकायला निघालेली,
तिच्या मुठीत पाच तिकिटं, पाचही पूर्ण.
अर्धं तिने मागितलंच नाही.
एक तिचं, चार शेजारच्या सीटांची.
सीट रिकामी दिसली की गाडी रुसते,
असं तिला कळलं होतं.

शबनूर बारावीला. पास गळ्यात, तरी तिकीट हातात.
वर्गणीची वही तिच्याकडे होती.
ती इंगळ्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली, पुरावा म्हणून.
कोणाचे वीस, कोणाचे दहा,
एका ओळीत नुसतं 'कोंबडी, १'
आणि पुढे ती विकून आलेली रक्कम.
मी जमा-खर्च लावून पाहिला. पैशाचाही फरक नाही.
माझ्या रजिस्टरपेक्षा नीट.
त्यात 'येणे' कुठेच नव्हतं.

पण भारमान वर्षाचं काढतात.
बाविसाची सरासरी चोवीस झाली, बस्स.
दहा दिवसांत वर्ष भरून निघत नाही,
हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.
मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उत्पन्नात वाढ दिसून येते.
खोटं नाही ते.
साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं
आणि जूनपर्यंत सही केली.

त्या संध्याकाळी फलाटावर गेले.
गाडीत नऊ जण, दोन शेळ्या, कुणाचं तरी नवं कपाट.
रमजानने काही न विचारता मशीन पुढे केलं.
दोन काढली. पूर्ण. खिडकीकडची.
गाडी सुटली,
मी खालीच.

ती तिकिटं पर्समध्ये आहेत.
काल जूनचं पत्र आलं तेव्हा काढून पाहिली.
शाई उडत चाललीय.
आकडा आधी गेला.
गावाचं नाव अजून वाचता येतं.